नेरूळचा चेंडू तळवलीत कसा पोचतो

२ नोव्हेंबर २०२५ची रात्र. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि आम्ही तळवलीत तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक ठोकून अजून उभीच होती. ती आहे तोवर सामना आपला म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. एक्केचाळिसावी ओव्हर संपली, पडद्यावर जाहिरात लागली. ती चालू असतानाच तळमजल्यावरून आरोळी आली, “गेली रं, गेली!”

आमच्याकडे कुणीच गेलं नव्हतं. जाहिरात संपली, दीप्ती शर्माने चेंडू टाकला, वोल्वार्टने तो उंच उडवला, अमनजोत कौर त्याखाली धावली. चेंडू तिच्या हातातून एकदा उसळला, दुसऱ्यांदा उसळला, तिसऱ्या खेपेला सापडला. तेवढ्यात देशभर किती जणांचा जीव वरखाली झाला असेल! आम्ही मात्र आधी पाहिलेला सिनेमा पुन्हा पाहावा तसे ढिम्म बसून होतो.

तळमजल्यावरच्या काकांकडे केबल, आमच्याकडे मोबाइल कंपनीच्या इंटरनेटवर चालणारं ॲप. सामना तोच, कॅमेरे तेच, आणि स्टेडियम इथून सरळ रेषेत दहा-एक किलोमीटरवर. तरी एका जिन्याच्या अंतरात जवळपास अर्ध्या मिनिटाचा फरक. घरात लगेच ठरलं की टीव्ही बिघडलाय. कुणी म्हणालं वायफाय, कुणी म्हणालं ते ॲपच टाकाऊ.

मोठ्या स्पर्धा पाहताना आपली चिडचिड होते ती खरीच असते, पण बहुतेक वेळा ती चुकीच्या माणसावर निघते. जाहिरातीने शेवटचा चेंडू खाल्ला की आपण केबलवाल्याला फोन लावतो, आणि केबलवाल्याच्या जोडणीत दोष असला की चॅनेलला शिव्या घालतो. म्हणून चेंडू मैदानातून आपल्या घरी कोणत्या वाटेने येतो, वाटेत किती मुक्काम करतो आणि कुठे अडखळतो, ते क्रमाने पाहू.

पहिला मुक्काम मैदानच. तिथे कॅमेरा नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला कपिल देव यांनी झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. पाच बाद १७ वरून सावरलेला तो डाव आज कुणालाच पाहता येत नाही, कारण त्या दिवशी तिथे चित्रीकरणच झालं नाही. आपल्या क्रिकेटमधल्या सगळ्यात गाजलेल्या खेळींतली एक, आणि तिची फक्त छायाचित्रं आणि आठवणी.

आता तसं होत नाही. विश्वचषकाच्या सामन्याला मैदानाभोवती डझनावारी कॅमेरे असतात. दोन्ही टोकांना गोलंदाजाच्या मागे उंचावर, यष्टींच्या रेषेत बाजूला, सीमारेषेवर, आणि काही फक्त संथगती चित्रणासाठी. या सगळ्यांच्या तारा स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या एका मोठ्या गाडीत जातात. तिला ओबी व्हॅन म्हणतात. चाकांवरचा स्टुडिओच तो.

या गाडीत दिग्दर्शक बसलेला असतो. समोर पडद्यांची भिंत, त्यात प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र. तो क्षणोक्षणी सांगत असतो, आता हा कॅमेरा, आता तो, आता रिप्ले. जे एकच चित्र त्यातून बाहेर पडतं त्याला वर्ल्ड फीड म्हणतात, म्हणजे जगातल्या सगळ्या वाहिन्यांना मिळणारं सामाईक चित्र. आपल्याला मिड-ऑनला कोण उभं आहे ते पाहायचं असेल, पण दिग्दर्शकाने प्रेक्षकांतला रंगवलेला चेहरा निवडला असेल, तर जोहान्सबर्गपासून तळवलीपर्यंत सगळ्यांना तो चेहराच दिसणार.

एक तक्रार आपण सगळ्यांनी केलेली असते: रिप्ले संपतच नाही आणि पुढचा चेंडू अर्धा टाकून झाल्यावर दिसतो. नीट पाहिलंत तर हे फिरकी गोलंदाज असताना जास्त घडतं. वेगवान गोलंदाज चालत मागे जातो, वळतो, धावत येतो. तेवढ्या वेळात दोन कोनांतून रिप्ले सहज बसतात. फिरकीवाला चार पावलांत परततो. दिग्दर्शकाला दुसऱ्या रिप्लेचा मोह आवरला नाही की चेंडूचा टप्पा गेलाच. इथे दोष ना केबलचा ना टीव्हीचा. तो गाडीतल्या माणसाच्या हावरेपणाचा.

अनेक खेळांच्या स्पर्धेत हेच दुखणं वाढतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या बीडचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावला आणि अकरावा आला. आपण रात्री एक वाजता जागे राहिलो ते त्याच्यासाठी. पण असं चित्र जगासाठी बनतं, आणि जगाला पहिल्या तिघांत रस. त्यामुळे अशा शर्यतीत आपला माणूस मागे पडला की तो चौकटीबाहेर जातो, आणि त्याचं काय झालं ते शेवटी पडद्यावरच्या यादीत कळतं. भारतातल्या वाहिनीने ठरवलं तरी वेगळं चित्र ती आणणार कुठून? फार तर स्वतःचा एखादा कॅमेरा बाहेर मुलाखतीसाठी उभा करता येतो.

पण वाहिनीच्या हातात एक गोष्ट नक्की असते, ती म्हणजे निवड. ऑलिंपिकमध्ये एकाच वेळी आठ-दहा ठिकाणी स्पर्धा चालू असतात आणि सगळी चित्रं वाहिनीकडे येत असतात. त्यातलं कोणतं दाखवायचं ते वाहिनी ठरवते. १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, तो दिवस आठवा. भारतीय खेळाडू अंतिम फेरीत असतो तेव्हा चॅनेल तिकडेच वळतं. आपल्याला जर त्याच वेळी दुसऱ्या मैदानावरचा भारी सामना पाहायचा असेल, तर मात्र ॲपवर जाऊन तो वेगळा शोधावा लागतो. तिथे खेळानुसार यादी असते. ती यादी स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकदा चाळून ठेवावी. ऐन वेळी रिमोटने टाइप करत बसलं की निम्मी स्पर्धा संपते.

दुसरा मुक्काम वाहिनीचा स्टुडिओ. ओबी व्हॅनमधून चित्र फायबरच्या तारेने किंवा उपग्रहामार्गे तिथे पोचतं. इथे त्यात तीन गोष्टी मिसळतात: भाषा, वाहिनीचं चिन्ह आणि जाहिराती.

भाषेबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. इंग्रजी समालोचक बहुधा मैदानातच असतात, पण इतर भाषांचे समालोचक अनेकदा स्टुडिओत बसून आपण पाहतो तेच चित्र पाहून बोलतात. त्यामुळे पडद्याबाहेर काय चाललंय, क्षेत्ररक्षक कुठे हलला, सीमेबाहेर कोण पॅड बांधतंय, हे त्यांनाही दिसत नाही. मग मोकळी जागा किस्से आणि विनोद भरून काढतात. ते आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं, पण ‘हा मॅचबद्दल का बोलत नाही’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

इथे एक जुनी युक्ती सांगतो. बाळ ज. पंडित यांचं आकाशवाणीवरचं मराठी धावतं समालोचन ज्यांनी ऐकलंय, त्यांच्या घरात टीव्ही आल्यावरही त्याचा आवाज बंद करून ट्रान्झिस्टर लावायची रीत होती. चित्र टीव्हीचं, शब्द रेडिओचे. आज ही युक्ती चालत नाही, कारण रेडिओ चित्राच्या बराच पुढे असतो. विकेट आधी ऐकू येते आणि मग दिसते. भाषा बदलायची असेल तर सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर ऑडिओ किंवा लँग्वेज असं बटण असतं, ते दाबून पाहा. अनेकांच्या घरी ते बटण बॉक्स आल्यापासून कुणी दाबलेलं नसतं.

आता जाहिराती. एवढी चिडचिड दुसऱ्या कशानेच होत नसेल, म्हणून इथे जरा थांबू.

ओव्हर संपते तेव्हा पंच ‘ओव्हर’ म्हणतात, क्षेत्ररक्षक बाजू बदलतात, नवा गोलंदाज खूण मोजतो. यात फार तर मिनिटभर जातं. त्यातले सुमारे चाळीस सेकंद वाहिनी विकते. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती असता कामा नयेत. आता हिशेब करू. एका दिवसाच्या सामन्यात तासाला साधारण चौदा ओव्हर होतात. चौदा गुणिले चाळीस म्हणजे ५६० सेकंद, सव्वानऊ मिनिटांच्या वर. त्यात दोन विकेट आणि एक पाणी पिण्याची विश्रांती धरा. बारा मिनिटं कशी भरतात, ते दिसलं ना?

जाहिराती सोडणारा माणूस ओबी व्हॅनमध्ये नसतो, तो वाहिनीच्या नियंत्रण कक्षात असतो. समोर ओव्हरचा आकडा आणि कानात दिग्दर्शकाची सूचना. सहावा चेंडू पडला, फलंदाजाने तो कव्हरमधून मारला, चेंडू सीमेकडे जातोय. याला चाळीस सेकंद बसवायचे असतात, त्यामुळे बोट आधीच बटणावर. चेंडू सीमारेषेला लागायच्या आत साबण येतो. वाइड पडला आणि सहाव्याचा सातवा झाला, तर याहून मोठा गोंधळ: जाहिरात सुरू, इकडे चेंडू टाकलेला. परत येताना तेच उलट, नव्या ओव्हरचा पहिला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर आपण मैदानात पोचतो. वोल्वार्टची विकेट नव्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर गेली होती, हे लक्षात घ्या. तो चेंडू पूर्ण दिसला हे आपलं नशीब.

अलीकडे दुसरा प्रकार निघाला आहे. चित्र आक्रसून वरच्या कोपऱ्यात जातं आणि डावीकडे-खाली एलसारखी जाहिरात पसरते. वाहिनीचा युक्तिवाद असा की सामना तर दाखवतोच आहोत. बत्तीस इंचाच्या टीव्हीवर त्या आक्रसलेल्या चौकटीत पांढरा चेंडू शोधून दाखवा, मग बोलू.

यावर घरी बसून काही करता येत नाही. केबलवाल्याने काय करायचं? त्याच्याकडे चित्र जाहिरातीसकटच येतं. तक्रार करायचीच तर ती वाहिनीकडे.

तिसरा मुक्काम आकाशात. स्टुडिओतून तयार चित्र उपग्रहाकडे पाठवतात. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी ठाण मांडून बसल्यासारखा वाटतो. वर ३६,०००, खाली ३६,०००, म्हणजे ७२,००० किलोमीटरचा फेरा. प्रकाशाच्या वेगाने याला लागतं साधारण पाव सेकंद. उशीर उपग्रहामुळे होतो असा सार्वत्रिक समज आहे. त्या बिचाऱ्याचा वाटा एवढाच.

खरा वेळ जातो चित्राची घडी घालण्यात. कॅमेऱ्याचं कच्चं चित्र प्रचंड जागा खातं. ते तसंच पाठवणं परवडत नाही, म्हणून ते दाबून लहान करतात आणि घरच्या बॉक्समध्ये पुन्हा उलगडतात. याला कॉम्प्रेशन म्हणतात. प्रवासाला निघताना कपडे दाबून बॅगेत भरावेत तसंच. दाबायला दोन-तीन सेकंद, कुलूपबंद करायला थोडा वेळ, उलगडायला थोडा वेळ. असं करत केबल किंवा डिशवर चित्र मैदानापेक्षा पाच-सात सेकंद मागे पडतं. बॅग फारच लहान असेल तर कपडे चुरगळतात. हिरवळीचा लगदा होतो आणि चेंडूमागे शेपूट दिसतं, ते चुरगळणं हेच.

इथून तीन रस्ते फुटतात: केबल, डिश आणि इंटरनेट.

केबलचा रस्ता आधी. केबल कंपनीच्या केंद्रावर मोठ्या तबकड्या असतात, त्या उपग्रहाकडून चित्र घेतात. तिथून फायबर, मग आपल्या गल्लीतला केबलवाला, मग खांबावरून लोंबणारी वायर, मग आपला बॉक्स. तळवलीसारख्या गावठाणात घरं एकमेकांना चिकटून, एका वायरवरून चार घरांना फाटे फोडलेले. प्रत्येक फाट्यावर सिग्नल थोडा दुबळा होतो. चित्राचे चौकोनी तुकडे पडत असतील आणि ते फक्त काही चॅनेलवरच पडत असतील, तर बहुधा फाटा किंवा जोडणी ढिली असते. बॉक्समागची पिन काढून, पुसून, पुन्हा घट्ट पिळा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

केबलवर सगळ्यात जास्त घोळ होतो तो पॅकचा. फेब्रुवारी २०१९पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमांनुसार ग्राहकाला चॅनेल निवडून घ्यावे लागतात. आपला पॅक दोन वर्षांपूर्वी केबलवाल्याने भरून दिलेला असतो आणि त्यात काय आहे हे कुणालाच आठवत नाही. स्पर्धा ज्या चॅनेलवर आहे, नेमकं तेच त्यात नसतं. किंवा असतं, पण साध्या दर्जाचं, एचडी नाही. टीव्ही त्रेचाळीस इंची एचडी आणि चॅनेल साधं, मग पडदा धूसर दिसणारच. स्पर्धा सुरू व्हायच्या तीन-चार दिवस आधी चॅनेलचा नंबर लावून पाहा. सामन्याच्या दिवशी दुपारी अडीचला केबलवाल्याचा फोन लागत नाही, त्यालाही सामना पाहायचा असतो.

दुसरा रस्ता डिशचा. छतावरची लहान तबकडी थेट उपग्रहाकडून चित्र घेते; मध्ये कुणी माणूस नाही. तिचा शत्रू पाऊस. या सेवा ज्या लहरी वापरतात त्यांची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, आणि पावसाचे दाट थेंब त्या शोषून घेतात. केबल केंद्रांवरच्या मोठ्या तबकड्या बहुधा याच्या तिप्पट लांबीच्या लहरी घेतात, त्यांना पाऊस तितका जाचत नाही. म्हणून काळेकुट्ट ढग आले की डिशवाल्याच्या पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी आणि शेजारच्या केबलवर मजेत सामना. यात डिश हलवू नका! पाऊस ओसरला की चित्र आपोआप येतं. पाऊस नसतानाही येत नसेल तर आग्नेयेच्या बाजूला पाहा; तबकडीचं तोंड असतं त्या बाजूला नवी पाण्याची टाकी, पत्र्याची शेड किंवा वाढलेलं झाड आलंय का.

पावसाचं निघालंच आहे तर अंतिम सामन्याची दुपार आठवा. तीनला सुरू व्हायचा सामना पावसामुळे पाचला सुरू झाला. ज्यांनी बॉक्सवर वेळ लावून रेकॉर्डिंग ठेवलं होतं त्यांना काय मिळालं? दोन तास झाकलेली खेळपट्टी आणि स्टुडिओतल्या गप्पा, आणि शेवटच्या ओव्हर गायब, कारण सामना मध्यरात्रीच्या सुमाराला संपला. रेकॉर्डिंग लावायचं तर शेवटाला तीन तास जास्तीचे धरावेत.

डिशचंच एक सरकारी भावंड आहे, दूरदर्शनची फ्री डिश. एकदा तबकडी आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. इथे एक कोडं आहे, ज्यावरून आमच्या गल्लीत दर मोठ्या सामन्याला वाद होतो: “काकांच्या गावच्या घरी डीडी स्पोर्ट्सवर मॅच दिसते, आपल्या केबलवर त्याच चॅनेलला दुसरंच काहीतरी. केबलवाला मुद्दाम अडवतो!”

केबलवाला अडवत नाही, कायदा अडवतो. हा इतिहास थोडा मागे जातो. १९९३च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. खासगी वाहिन्यांना वाट मोकळी झाली आणि मोठे सामने पैसे भरणाऱ्यांच्या घरी गेले. मग २००७मध्ये कायदा आला: केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने खासगी वाहिनीने प्रसार भारतीला थेट द्यायचे, तेही स्वतःच्या जाहिराती वगळून. प्रसार भारतीने त्यावर आपल्या जाहिराती घ्यायच्या आणि उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा हक्कदार वाहिनीला द्यायचा.

पण दूरदर्शनचे काही चॅनेल केबलवाल्यांना दाखवावेच लागतात. त्यामुळे तोच सामना केबलवरही फुकट दिसू लागला आणि करोडो मोजलेल्या वाहिन्या न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असं मिळालेलं चित्र प्रसार भारतीने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. केबल आणि खासगी डिशकडे ते जाता कामा नये. म्हणून त्याच चॅनेलची दोन रूपं, आणि म्हणून केबलवर सामन्याच्या वेळी एखादा जुना कार्यक्रम. प्रत्येक सामना त्या यादीत असतोच असं नाही, हेही लक्षात ठेवा. मला स्वतःला हा निकाल कायद्याने बरोबर आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने विचित्र वाटतो, पण आपलं मत सर्वोच्च न्यायालयाने मागवलेलं नाही.

तिसरा रस्ता इंटरनेटचा, आणि आमची फजिती इथलीच.

ॲपवर चित्र सलग धारेने येत नाही. सर्व्हर त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडतो, साधारण सहा सेकंदांचा एक धरा. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पुढे पाठवता येत नाही. तो ठिकठिकाणच्या साठवण केंद्रांवर जातो, तिथून आपल्या घरी. आणि आपलं ॲपही पहिला तुकडा आला म्हणून लगेच लावत नाही. वाटेत खंड पडला तर चित्र अडकू नये म्हणून दोन-तीन तुकडे हाताशी साठवतं आणि मग सुरू करतं. याला बफर म्हणतात. पाणी जाईल म्हणून आपण पिंप भरून ठेवतो तसं. तीन तुकडे म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले. आधीचं दाबणं-उलगडणं धरून पंचवीस-तीस सेकंद सहज होतात.

एक गंमत मोजून पाहिली. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे नेरूळच्या स्टेडियममधला कल्ला, कानाला ऐकू येण्याइतका टिकला असता तर, तळवलीत सुमारे तीस सेकंदांत पोचला असता. पामबीच रोडवरून, वाशी-कोपरखैरणेवरून, घणसोलीच्या इमारतींना वळसे घालत, वाऱ्याच्या पाठीवर बसून. आमचं ॲप त्याच्या बरोबरीने आलं.

यातला काही उशीर कमी करता येतो. मध्ये चित्र अडकलं किंवा आपण पॉज करून चहा आणायला गेलो की तेवढा उशीर आधीच्या उशिरात जमा होतो, आणि ॲप बहुधा आपण होऊन पुढे येत नाही. पडद्यावर ‘लाइव्ह’ असं लहानसं बटण असतं, ते दाबा. आम्ही त्या रात्री ते एकदाही दाबलं नव्हतं. वायफायचा राउटर भिंतीपलीकडे असेल तर टीव्हीला थेट लॅनची वायर जोडा. घरात कुणी मोठी फाइल उतरवत असेल तर तासभर थांबवा. नेट कमी पडलं की ॲप चित्राचा दर्जा आपोआप उतरवतं, चेंडू धुक्यात जातो. सेटिंगमध्ये दर्जा ‘ऑटो’ऐवजी एका पायरीवर ठरवून टाकला तर चित्र सारखं वरखाली होत नाही. पण नेट खरंच अपुरं असेल तर मग ते अडकतं. दोन्हीतलं एक निवडा.

आणि मोबाइलवर स्कोअरच्या सूचना येत असतील तर त्या आधी बंद करा. स्कोअरचा आकडा म्हणजे चार अक्षरं, तो दोन-तीन सेकंदांत येतो. चित्र अजून राउटरपर्यंतही पोचलेलं नसतं आणि खिशात फोन थरथरतो.

शेवटचा मुक्काम टीव्ही. नव्या टीव्हीत एक सोय असते जी दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतः कल्पून घालते, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. कंपनीनुसार तिचं नाव बदलतं, पण नावात बहुधा ‘मोशन’ असतं. क्रिकेटमध्ये ती चेंडूला भुतासारखी सावली देते. ती बंद करा. चित्र कडेने कापलेलं दिसत असेल, खालची धावसंख्या अर्धी जात असेल, तर रिमोटवरच्या झूम किंवा आस्पेक्ट बटणावर ‘फुल’ निवडा. आणि बॅटचा आवाज चेंडू लागल्यावर थोडा उशिरा येत असेल तर टीव्हीला जोडलेला साउंडबार काढून पाहा. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या वाटेने गेले की अशी गफलत होते.

हे सगळं करूनही काही सुटलं नाही, तर आता मात्र फोन करा. पण फोनवर ‘मॅच दिसत नाही’ एवढंच म्हणू नका. कोणतं चॅनेल, सगळे चॅनेल की एकच, चौकोन पडतात की पडदा काळा, शेजाऱ्याकडे दिसतंय का, एवढं सांगा. तक्रार क्रमांक मागून घ्या. तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. क्रमांक नसलेली तक्रार म्हणजे नुसतं रागावणं, आणि ते आपण तोवर पुरेसं केलेलं असतं.

त्या रात्री आम्ही यातलं काहीच केलं नाही. वोल्वार्ट बाद झाल्यावर मी आणि पोरं सरळ जिना उतरलो आणि काकांच्या दारात उभे राहिलो. काकूंनी न बोलता सतरंजी पसरली. आजी म्हणाली, “एवढा जिना मी नाय उतरायची, माझं मी बघते,” आणि वरच राहिली.

सेहेचाळिसावी ओव्हर. दीप्तीचा चेंडू, डी क्लर्कने उडवला, हरमनप्रीत मागे मागे पळत गेली आणि झेल घेतला. दक्षिण आफ्रिका २४६, भारत ५२ धावांनी विश्वविजेता. काकांनी पोराला उचललं, दोन घरं सोडून कुणीतरी माळ लावली, काकू रडायला लागल्या. स्टेडियमवर गेलेल्या भाच्याचा फोन याच्याही आधी वाजून गेला होता, कुणी उचललाच नव्हता.

माळ संपली, धूर जिन्यात शिरला, आणि मग वरून, तिसऱ्या मजल्यावरून, आजीची एकटीची आरोळी ऐकू आली.